लिनन घरात आणताना
(पुण्यातल्या एका ग्राहक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. लिननबद्दल बोलायचं तर सुरुवात जवसापासून करावी लागते. तुमच्यापैकी जे नागपूर-चंद्रपूरकडून पुण्यात येऊन राहिले आहेत, त्यांच्या घरी जवसाची चटणी असणारच. त्याच जवसाच्या खोडातून लिननचा धागा निघतो. वनस्पती एकच, वाण वेगळे. आपलं रब्बीतलं जवस बी आणि तेलासाठी घेतात, म्हणून ते बुटकं आणि फांद्याफांद्यांचं असतं. धाग्याचं जवस दाट पेरतात, त्यामुळे ते फांद्या न फोडता सरळ मीटरभर उंच जातं. हे पीक मुख्यतः फ्रान्सच्या नॉर्मंडीपासून बेल्जियम, नेदरलँड्सपर्यंतच्या समुद्राकाठच्या पट्ट्यात होतं. मार्च-एप्रिलमध्ये पेरणी आणि शंभरेक दिवसांत उपटणी. कापणी नव्हे, उपटणीच, कारण धागा मुळापासून शेंड्यापर्यंत अखंड हवा असतो.

गावाकडे अंबाडीचा वाख काढताना ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं लगेच कळेल. अंबाडी डोहात नाहीतर ओढ्यात दाबून ठेवायची, कुजवायची, मग साल सोलून वाख धुवायचा. तो वास आणि ते काळं पाणी विसरता येत नाही. युरोपातही पूर्वी जवस असंच नदीत कुजवत. बेल्जियममधली लीस नदी त्या धंद्यासाठी प्रसिद्ध होती, आणि त्याच धंद्यानं ती नासलीही. आता तिथले शेतकरी उपटलेलं जवस शेतातच पसरून ठेवतात. रात्री दव पडतं, अधूनमधून पाऊस येतो, दिवसा ऊन असतं. एवढ्यावर बुरशी आणि जिवाणू खोडातला चिकट भाग खातात आणि धागा सुटा होतो. याला काही आठवडे लागतात. मधे एकदा सगळं उलटवायचं, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या कुजतात. हौद नको, रसायन नको, घाण पाणी नाही. मला लिननमधलं सगळ्यात मोलाचं काही वाटत असेल तर ते हे पसरलेलं शेत. त्यानंतर खोड कुटतात, धागे विंचरतात. लांब धाग्याचं तलम कापड होतं, आखूड धाग्याचं जाडंभरडं. उरलेल्या काड्यांच्या दाबून फळ्या करतात. फेकायला फारसं काही उरत नाही.

आता कापसाशी तुलना. ‘कापूस पाणी पितो, लिनन पीत नाही’ असं वाक्य तुम्ही ऐकलं असेल. आपल्या विदर्भापुरतं ते जसंच्या तसं खरं नाही, कारण तिथला बहुतेक कापूस कोरडवाहूच आहे. आपला खरा प्रश्न फवारणीचा. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. चादर विकत घेताना ती माणसं माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. जवसाला कीटकनाशकं कापसापेक्षा बरीच कमी लागतात आणि त्या किनाऱ्यावर पाऊस पुरेसा असल्यानं सिंचनही लागत नाही. लिननच्या बाजूनं हे मुद्दे पक्के आहेत.

पण विरुद्ध बाजूही सांगते. आपल्याकडे लिननचं सूत कातलं जातं, कापडही विणलं जातं, मात्र त्यासाठीचा चांगला धागा बहुतांश युरोपातून जहाजानं येतो. एवढ्या लांबून आलेली चादर दोन वर्षांत फॅशन गेली म्हणून काढून टाकली, तर शेतात जे कमावलं ते आपण घरात घालवलं. लिनन पर्यावरणाला पोषक ठरतं ते वर्षानुवर्षं वापरल्यावर. म्हणून माझा आग्रह असा की घरभर लिनन करू नका. जिथं ते कापसापेक्षा खरोखर सरस आहे, तिथंच आणा.

ती जागा पहिल्यांदा स्वयंपाकघरात आहे. भांडी पुसायचं फडकं. लिननचा धागा लांब असतो, त्यामुळे काचेच्या पेल्यावर तूस राहत नाही. ओलं झाल्यावर हा धागा कमजोर न होता उलट जास्त मजबूत होतो आणि वाळतोही लवकर. जुलैत आपल्या बाल्कनीत काहीच वाळत नाही, तेव्हा याची किंमत कळते. दुसरी जागा अंथरुणाची. साधारण हवेत लिनन आपल्या वजनाच्या 12 टक्क्यांच्या आसपास ओलावा धरतं, कापूस साडेआठ, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. एप्रिलमध्ये रात्री पाठीला घाम येतो तो पॉलिएस्टर मिसळलेल्या चादरीवर तसाच चिकटून राहतो. लिननवर तो टिपला जातो. चादरीला दीडशे ते पावणेदोनशे जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजन असलेलं, कापड पुरतं.

आंघोळीसाठी मात्र लिननच्या टॉवेलवर पैसे घालू नका. आपला सुती पंचा ते काम उत्तम करतो, आणि तो इथलाच आहे. सोफ्यालाही नको. लिननचा धागा फारसा ताणला जात नाही, सतत घासलं गेलं की कडांवर विरतो. पडद्यांचं म्हणाल, तर आहेत तेच धड असतील तर राहू द्या.

आता ओळख कशी करायची? लक्ष्मी रोडला किंवा रविवार पेठेत गेलात की ‘लिनन फील’, ‘लिनन लुक’ असले तागे समोर उलगडले जातात. त्यात बहुतेकदा लिनन नसतंच. दुकानदाराला सरळ विचारा, शंभर टक्के का, आणि बिलावर तसं लिहून मागा. कडेचा एक धागा काढून घ्या, घरी स्टीलच्या ताटलीवर चिमट्यात धरून पेटवा. कागद जळाल्यासारखा वास आणि बोटानं चुरडणारी मऊ राख आली तर पॉलिएस्टर नाही. वितळून काळा, कडक मणी झाला तर आहे. कापूस आणि व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा, हेसुद्धा कागदासारखेच जळतात, एवढ्यावर लिनन सिद्ध होत नाही. त्यासाठी कापड उजेडासमोर धरा. खऱ्या लिननमध्ये धागा मधेच जाड, मधेच बारीक असतो आणि त्या गाठी कुठेही, बेशिस्त येतात. ठरावीक अंतरावर तशाच गाठी परत दिसल्या तर संशय घ्या. ‘युरोपियन फ्लॅक्स’ हे प्रमाणपत्र असेल तर जवस कुठलं, सिंचनाशिवाय वाढलं का, याचा माग असतो.

रंग शक्यतो धाग्याचा मूळचाच घ्या, राखाडीकडे झुकणारा बदामी. पांढराशुभ्र करायला ब्लीच लागतं, गडद करायला रंग, आणि त्या दोन्हींचं पाणी कुठल्या ना कुठल्या नदीला मिळतं. मुळा-मुठेच्या काठी राहणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको.

इस्त्रीबद्दल मघाशी कोणीतरी विचारलं. लिनन चुरगळतं, आणि कडकडीत इस्त्री करायची तर बरीच वीज जाते. त्यापेक्षा थोडं ओलं असतानाच काठ ओढून सरळ करा, झटका आणि दांडीवर नीट पसरा. सोसायटीत बोअरचं जड पाणी येत असेल तर साबण कमी घाला आणि एकदा जास्त खळबळा, नाहीतर कापड ताठ होतं. सुरुवातीच्या काही धुण्यांत ते खरखरीत लागेल, पुढे मऊ होत जातं. आणि कपाटात ठेवताना दर वेळी त्याच रेषेवर घडी घालू नका, कारण लिनन बहुतेकदा घडीवरच विरतं.