गाण्यातून गाणं वजा केलं तर

नमस्कार श्रोतेहो. रिमिक्स म्हटलं की आपल्याला आधी आठवतो तो दणका. 2002 साली 'कांटा लगा' लग्नाच्या मांडवापासून रिक्षापर्यंत सगळीकडे वाजत होतं, तेव्हापासून आपली समजूत पक्की आहे: जुनं गाणं घ्यायचं, त्यावर ठेका चढवायचा, झालं रिमिक्स. आज ज्या अल्बमबद्दल बोलायचंय, त्याचा कारभार नेमका उलटा आहे.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या मॅसिव्ह अटॅक या गटाचा 'प्रोटेक्शन' हा अल्बम 1994 साली आला. पुढच्याच वर्षी त्यातली आठ गाणी नव्या रूपात आली. त्या अल्बमचं नाव 'नो प्रोटेक्शन'. नावातली ही खोडी मला फार आवडते. करणारे होते मॅड प्रोफेसर, म्हणजे नील फ्रेझर. जन्म गयानातला, लहानपणीच लंडनला आलेले. इलेक्ट्रॉनिक्सचं वेड इतकं, की टोपणनाव तिथूनच पडलं. त्यांनी 1979 साली घरातल्याच खोलीत आरिवा हा स्टुडिओ थाटला.

त्यांची विद्या डब या संगीतप्रकाराची, आणि डब जमैकाचा. किंग्स्टनमध्ये किंग टबी नावाचे तंत्रज्ञ रेडिओ आणि अॅम्प्लिफायर दुरुस्त करायचे. (आम्हा रेडिओवाल्यांना याचं जरा कौतुक असणारच.) रेकॉर्डच्या मागच्या बाजूला त्याच गाण्याची गायनाशिवायची आवृत्ती देण्याची तिथे पद्धत होती. 1970च्या दशकात टबींनी तिचं सोनं केलं. ड्रम, बेस, गिटार, गळा असं सगळं टेपवर वेगवेगळ्या पट्ट्यांवर असतं. मिक्सरची दांडी खाली ओढली की गळा गायब; क्षणभर वर केली की एकच शब्द बाहेर येतो आणि एकोमध्ये घुमत घुमत विरतो. हे सगळं टेप चालू असताना, हाताने. म्हणजे मिक्सरच इथे वाद्य झालं.

मॅड प्रोफेसरांनी 'प्रोटेक्शन' या गाण्याचं तेच केलंय. मूळ गाण्यात ट्रेसी थॉर्न आपल्याला धीर देत निवांत गाते. डबमध्ये तिचे नुसते तुकडे उरतात. वाक्य सुरू होतं आणि मधेच तुटतं, शेवटचा शब्द या स्पीकरमधून त्या स्पीकरमध्ये भिरभिरत जातो. खाली बेस मात्र आपला ठाम चालूच. मूळ गाणं पाठ असेल तर गाळलेल्या ओळी आपणच मनात म्हणत राहतो. मला यातली खरी गंमत तीच वाटते.

सगळंच जमलंय असं नाही. 'वेदर स्टॉर्म'मध्ये मुळातच गायन नाही, क्रेग आर्मस्ट्राँगचा पियानो आहे. काढायला फारसं काही नव्हतंच, त्यामुळे तिथला डब मला थोडा पोकळ वाटतो. 'स्पाइंग ग्लास'चं मात्र उलट. ते गाणारा होरेस अँडी मूळचा जमैकाचा रेगे गायक. डबमध्ये त्याचा तो कापरा आवाज घरी आल्यासारखा मोकळा होतो.

एक विनंती. मोबाइलच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नका. बेस तिथे पोचतच नाही, आणि बेस गेला की उरतो नुसता खडखडाट. हेडफोन असतील तर आत्ताच लावा. आधी थॉर्नचं मूळ गाणं लावतोय, आणि त्याला लागूनच मॅड प्रोफेसरांचं.