बोळातली घरघर

लघुमाहितीपटाचं निवेदन

(पहाट. कोल्हापूर, शिवाजी पेठेतला बोळ. भिंतीतल्या पत्र्याच्या गोल भोकात फिरणारा पंखा.)

पहाटेचे पाच वाजलेत. मिसळीच्या भटारखान्यात कटाची फोडणी पडली आहे. कांदा-लसूण मसाला तेलात पडला की आत उभं राहणाऱ्याला ठसका लागतोच, म्हणून हा पंखा. अठरा इंची, सहा पात्यांचा, मिनिटाला १४०० फेरे घेणारा. आतला धूर तो बोळात फेकतो, आणि धुरासोबत आवाजही.

(समोरची खिडकी. आत दिवा लागतो.)

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाला रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि नियमातली रात्र सकाळी सहाला संपते. झोपमोड, कुरबुर, तक्रारअर्ज हे ओघानं येतं.

(पंखा, अगदी जवळून.)

पंखा वाजतो म्हणजे नेमकं काय वाजतं? ते ओळखायला कुठलंही यंत्र लागत नाही. बटण बंद करा आणि पंखा थांबेपर्यंत ऐकत राहा.

(बटणावर बोट. पंखा मंदावत जातो. निवेदन आठ सेकंद थांबतं.)

वीज तुटली त्या क्षणी जी गुणगुण गेली, ती मोटरची. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ही गुणगुण १०० हर्ट्झची असते. साधा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर जोडला असेल तर ती आणखी खरखरीत होते. त्यानंतर वेगाबरोबर हळूहळू उतरला, तो हवेचा आणि फिरत्या भागांचा आवाज. मधेच एकदा पत्रा खडखडला आणि गप्प झाला, ते लक्षात आलं? पंखा उतरताना एका ठरावीक वेगाला त्या पत्र्याची स्वतःची थरथर जुळली. पंख्यात दोष नाही, पत्रा सैल आहे.

पात्यांचा सूर तर कागदावर काढता येतो. मिनिटाला १४०० म्हणजे सेकंदाला २३ फेरे आणि वर थोडं. गुणिले सहा पाती. उत्तर १४० हर्ट्झ.

(हार्मोनियमवर काळी एक. मागे पंखा.)

पुरुष गायक ज्या काळी एकमध्ये सा लावतात, तिच्याजवळचा हा सूर. त्याच्या एका लाटेची लांबी जवळजवळ अडीच मीटर असते. एवढी लांब लाट पडद्यानं किंवा पातळ फोमनं अडत नाही. पंख्याभोवती थर्मोकोल लावण्याचा उद्योग बरेच जण करतात. त्यानं आवाज कमी होत नाही, आणि फोडणीच्या धुराच्या वाटेवर थर्मोकोल म्हणजे आगीला आमंत्रण.

(भटारखान्याचं बंद दार. फटीशी धरलेली उदबत्ती.)

आता हा धूर बघा. दाराच्या फटीतून सुसाट आत ओढला जातोय. पंखा जेवढी हवा बाहेर टाकतो, तेवढी कुठून तरी आत आलीच पाहिजे. ती मिळाली नाही की पात्यांना चिकटून वाहणारी हवा पात्यांवरून सुटते, तिथंच घुसळत राहते आणि पंखा घुमायला लागतो. असा पंखा आवाज जास्त करतो आणि धूर कमी काढतो.

(दार उघडतं. आवाज उतरतो.)

दार उघडण्याला पैसे पडले नाहीत. कायमचा उपाय म्हणजे पंख्यासमोरच्या भिंतीत, खालच्या बाजूला, जाळीची खिडकी. पंख्याच्या तोंडाच्या दीडपट धरली तर अठरा इंची पंख्याला दीड फूट बाय पावणेदोन फूट पुरते. आमच्या मते पंखा बदलण्याचा विचार करण्याआधी ही खिडकी पाडावी. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. धूर जात नाही म्हणून शेजारी दुसरा पंखा बसतो, दोघं मिळून एकाच फटीतून हवा ओढतात आणि आवाज निदान तीन डेसिबलनं वाढतो.

(उद्यमनगर. शटर वर जातं. लेथ, भंगाराचे ढीग, टांगलेल्या पुल्या.)

पंखा उतरवून उद्यमनगरात आणला आहे. ऑइल इंजिनांच्या जमान्यापासून फिरणाऱ्या वस्तूंचं दुखणं इथं हातानं आणि कानानं ओळखलं जातं.

(पात्यावरचा काळा थर खरवडला जातो.)

तेल, मसाला आणि धूळ यांचा हा थर सगळ्या पात्यांवर सारखा कधीच बसत नाही. समजा, केंद्रापासून २० सेंटिमीटरवर एकाच पात्याला २० ग्रॅम मळ जास्त आहे. १४०० फेऱ्यांना तो जवळजवळ नऊ किलोच्या वजनाइतका बाहेर ओढतो, आणि हा ओढा एका सेकंदात २३ वेळा दिशा फिरवतो. मळ काढायला गरम पाणी आणि भांड्यांचा साबण पुरतो. पाती ॲल्युमिनियमची असतील तर कॉस्टिक सोडा लावू नका, तो धातूच खातो.

(दोन समांतर सपाट पट्ट्यांवर ठेवलेला शाफ्ट. पंखा डुलत थांबतो.)

पट्ट्या लेव्हलमध्ये आहेत. पंखा सोडला की जड बाजू आपोआप खाली येते. समोरच्या पात्याला मातीचा गोळा चिकटवायचा, पुन्हा सोडायचा. कुठंही थांबवला तरी तिथंच राहिला की गोळा काढून तोलायचा आणि तेवढ्या वजनाचा वॉशर त्याच जागी रिव्हेट करायचा. अशा चपट्या पंख्याला एवढं पुरतं. रुंद ब्लोअरच्या ड्रमला पुरत नाही. त्याच्या दोन्ही टोकांचा तोल वेगवेगळा पाहावा लागतो, आणि त्यासाठी बॅलन्सिंग मशीनच हवं.

(कानाशी स्क्रूड्रायव्हरची मूठ, टोक मोटरच्या बेअरिंगवर.)

बेअरिंगचा आवाज असा ऐकतात. चांगलं बेअरिंग एकसारखं सरसरतं, खराब झालेलं दाणे भरडल्यासारखं वाजतं. नवं बसवताना दाब आतल्या कड्यावरच द्यायचा, त्यासाठी नळीचा तुकडा वापरतात. बाहेरच्या कड्यावर हातोडी पडली तर तो मार गोळ्यांतून जातो, खाचेत बारीक खड्डे पडतात आणि कोरं बेअरिंग पहिल्या दिवसापासून ओरडतं. मग दुकानदाराला शिव्या.

(कडं आणि पात्याचं टोक. एका बाजूला पेन्सिल आरपार जाते, दुसऱ्या बाजूला पोस्टकार्ड अडकतं.)

पंख्याभोवतीचं हे कडं गोल राहिलेलं नाही. पत्र्यातलं भोक वाकडं होतं, त्यात ते ठोकून बसवलं होतं. टोक आणि कडं यांच्यातली फट सगळीकडे सारखी नसली की प्रत्येक पातं दर फेऱ्याला अरुंद जागेपाशी एक झटका देतं.

(पुन्हा बोळ. भिंतीतला उघडा चौकोन, त्याला जोडलेला मोठा पत्रा.)

जुना पंखा थेट या पत्र्यावर आवळलेला होता. पंखा लहान, पत्रा चार फुटी. म्हणजे ढोलाच्या पानावरच मोटर बांधल्यासारखं. काहींनी मधे जुन्या टायरचे तुकडे घातलेले दिसतात. टायर फार कडक, तो दबतच नाही. १४०० फेऱ्यांच्या पंख्याखालचं रबर त्याच्या वजनानं साधारण चार मिलिमीटर दबलं पाहिजे, तरच थरथर अडते. आणि बोल्ट? खाली रबर आहे, पण बोल्ट लोखंडातून लोखंडात आवळला, तर थरथर बोल्टातूनच पलीकडे जाते. बोल्टालाही रबरी बुश आणि डोक्याखाली रबरी वॉशर लागतो.

(हातगाडीवरून बोळात येणारा मोठा पंखा. लोक बाजूला होतात.)

या भिंतीसाठी मात्र वेगळा निर्णय झाला. २४ इंची पंखा, थ्री-फेज मोटर, वेग व्हीएफडीनं, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हनं, मिनिटाला ६०० फेऱ्यांवर आणलेला. हवा जवळपास तेवढीच. जुन्या पंख्याच्या पात्याचं टोक सेकंदाला ३३ मीटर धावत होतं, याचं १९ मीटरच्या आसपास राहतं. पंख्याच्या आवाजाच्या नेहमीच्या सूत्रानं वेग कमी झाल्याचे १८ डेसिबल वजा होतात, आकार वाढल्याचे नऊएक परत येतात. उरला नऊ-दहा डेसिबलचा फायदा, कानाला आवाज निम्मा वाटेल एवढा. अट एकच. भोकही २४ इंची हवं. मोठा पंखा जुन्या भोकावर चिकटवला तर हा सगळा हिशेब वाया.

(अँगलची घोडी, चार स्प्रिंगा, भोकाभोवती कापडाचा गळा.)

सावकाश फिरणाऱ्या पंख्याला आधार उलट जास्त मऊ लागतो. म्हणून रबराऐवजी स्प्रिंगा, आणि पंखा भिंतीला न टेकता घोडीवर. मधली फट आग न धरणाऱ्या कापडानं बंद केली आहे. डक्टला, म्हणजे हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळाला, आतून ग्लासवूल, म्हणजे काचतंतूंची गादी, लावण्याचा सल्ला मिळेल. स्वच्छ हवेच्या डक्टला तो बरोबर आहे. भटारखान्यात ग्लासवूल तेल पितं, आणि मग एका ठिणगीचाच अवकाश. पंख्याच्या अगदी तोंडाशी एल्बो, म्हणजे डक्टचं वळण, येऊ देऊ नका. वळणावर घुसळलेली हवा पात्यांवर आदळली की शांत पंखाही बोंबलतो.

(मंगल कार्यालयाची गच्ची. बेल्टवरचा ब्लोअर.)

बेल्टचा ब्लोअर असेल तर काम आणखी स्वस्त. इथं मोटर १४४० फेऱ्यांची, तिची पुली चार इंची, ब्लोअरची सहा, म्हणून ब्लोअर ९६० वर. सहाची काढून आठ इंची घातली की ७२०. हवा पाऊण होते, आवाज सहाएक डेसिबलनं उतरतो आणि मोटरवरचा भार निम्म्याखाली येतो. पाऊण हवा पुरते का, हे आधी पेटत्या चुलीवर तपासा. बेल्ट ढिला असेल तर सुरू करताना किंचाळतो, जास्त ताणला तर बेअरिंग खातो.

(पहाट. तोच बोळ. नवा पंखा फिरतो आहे. खिडकीत ध्वनिमापक, आकडा पडद्यावर.)

व्हीएफडीची बारीक शिट्टी पहिल्या दिवशी ऐकू येत होती. सेटिंगमधली कॅरिअर फ्रिक्वेन्सी, म्हणजे ड्राइव्ह वीज तोडतो-जोडतो ती गती, वाढवल्यावर ती गेली. ड्राइव्ह त्यानं थोडा जास्त तापतो, म्हणून तो चुलीपासून लांब बसवला आहे. आता ऐकू येते ती पंख्यापुढच्या शटरच्या पट्ट्यांची टकटक. त्यांच्या कडेला फेल्टची पट्टी चिकटवायची अजून बाकी आहे.

(निवेदन संपतं. बोळाचा आवाज, ४० सेकंद. समोरच्या खिडकीत अंधार.)