कोळशाच्या खोलीतला आवाज

[दृश्य: बॉयलरचं लोखंडी दार, आत पेटलेली भट्टी]

लेनिनग्राड, १९८६. ब्लोखिन रस्त्यावरच्या एका बॉयलर-खोलीत चोवीस वर्षांचा तरुण फावड्याने कोळसा टाकतोय. या खोलीचं लाडकं नाव 'कामचात्का'. सोव्हिएत कायद्यात धडधाकट माणसाने बेकार राहणं हा गुन्हा होता, आणि रॉक वाजवणं हे काम धरलं जात नव्हतं. म्हणून या शहरातले कितीतरी गायक आणि कवी भट्ट्या सांभाळत, अंगणं झाडत, रात्रपाळीचा पहारा देत. पाळी संपली की गाणी.

हा तरुण व्हिक्टर त्सोय. वडील कोरियन वंशाचे, आई रशियन. बँडचं नाव 'किनो', म्हणजे सिनेमा.

किनोचा पहिला अल्बम १९८२चा. मुलांच्या छंदवर्गासाठी असलेल्या स्टुडिओत आंद्रेई त्रोपिल्लो यांनी तो ध्वनिमुद्रित केला. दुकानात तो मिळण्याचा प्रश्नच नव्हता. एका टेपवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, अशा प्रती निघत गेल्या. आपल्याकडे ज्यांनी कॅसेटवरून कॅसेट भरून घेतली आहे, त्यांच्या कानात ती खरखर अजून असेल.

[दृश्य: काळोख, मग मंच]

१९८७चा 'आस्सा' हा सिनेमा. शेवटच्या प्रसंगात त्सोय एका रेस्टॉरंटमध्ये गायकाची नोकरी मागायला आलाय. समोरच्या बाई नियम वाचून दाखवू लागतात. एकामागून एक कलमं. वाचन चालूच राहतं आणि हा उठून चालू पडतो. सरळ मंचावर. पुढे अंधारात माणसांचा समुद्र, हातांत इवल्या ज्योती.

गाणं आहे 'पेरेमेन', बदल. धृपदात काळीज बदल मागतं. पण कडवी नीट ऐका. हातात सिगारेट. टेबलावर चहा. स्वयंपाकघरात गॅसची निळी ज्योत. सरकारचं नाव कुठेच नाही. उलट एक कबुली आहे: अचानक आपल्याला काही बदलायचीच भीती वाटू लागते. मला हे गाणं सर्वांत खरं वाटतं ते इथे. आणि हे सगळं तो खालच्या, सपाट स्वरात गातो, शेजारी बसून सांगावं तसं. ज्याने ऐकलं, त्याला ते आपल्याच घरातलं वाटलं.

जून १९९०. मॉस्कोचं लुझ्निकी स्टेडियम भरलेलं. दोन महिन्यांच्या आत, १५ ऑगस्टला, लाटव्हियात तुकुम्सजवळच्या रस्त्यावर त्याची मोस्कविच गाडी बसवर आदळली. वय अठ्ठावीस.

त्या उन्हाळ्यात त्याने गाऊन ठेवलेल्या गाण्यांवर सोबत्यांनी बाकीचं संगीत चढवलं. त्या अल्बमचं वेष्टन पूर्ण काळं. मॉस्कोच्या अर्बात भागात एक भिंत त्याच्या नावाची झाली. तिथे लोक लिहीत आले आहेत: त्सोय जिवंत आहे.

[दृश्य: मिन्स्क, चौकातली गर्दी]

६ ऑगस्ट २०२०. बेलारूसची राजधानी. निवडणूक तोंडावर, आणि विरोधकांना जिथे सभा घ्यायची होती तिथे सरकारी कार्यक्रम. ध्वनियंत्रणेवर दोन तरुण, नेमून दिलेल्या कामावर. त्यांनी 'पेरेमेन' लावलं, आणि हात उंचावून दोघे तसेच उभे राहिले.

त्यांना १० दिवसांची कैद झाली. त्या ऑगस्टमध्ये मिन्स्कचे रस्ते तेच गाणं गात होते.