नावे पडले, जमा झाले नाहीत

[दृश्य: सांगलीचे मार्केट यार्ड. हळदीची पोती, सौद्याची गर्दी.]

सांगलीच्या यार्डात हळदीचा सौदा ठरला, की अडत दुकानातला दिवाणजी वजन, भाव, हमाली आणि तोलाई मांडून शेतकऱ्याची पट्टी तयार करतो. पट्टीची रक्कम आता पुष्कळदा मोबाइलवरून किंवा बँकेतून जाते, आणि एखाद्या दुपारी ती मध्येच अडते. एका खात्याला ती नावे पडते, म्हणजे वजा होते, पण दुसऱ्या खात्यात जमा होत नाही. अशा वेळी पेढीवर हमखास ऐकू येणारा संवाद असा असतो : “आप्पा, आमच्या खात्याला नावे पडलेत; तुमच्याकडं जमा झाले नसतील तर जरा वाट बघा.” त्यावर आप्पा विचारतात, “मग पैसे हायेत तरी कुठं?”

या प्रश्नाचे उत्तर संगणकशास्त्राच्या ज्या शाखेत आहे, तिला ऑनलाइन ट्रान्झॅक्शन प्रोसेसिंग म्हणतात. एकाच वेळी असंख्य माणसे लहान लहान नोंदी करत असताना प्रत्येक नोंद तत्काळ आणि बिनचूक पक्की करणे, हे या यंत्रणेचे काम. एनईएफटीच्या रकमा दर अर्ध्या तासाला खेपेने पुढे जातात. यूपीआय आणि आयएमपीएसमध्ये मात्र प्रत्येक व्यवहार सुटा आणि लगोलग चालतो.

[दृश्य: जुनी लाल वही, तिच्यावर फिरणारे बोट.]

‘ट्रान्झॅक्शन’ला आपण व्यवहार म्हणतो, पण तांत्रिक अर्थाने व्यवहार म्हणजे एकत्र बांधलेल्या नोंदींची जुडी. एका खात्याला नावे आणि दुसऱ्या खात्याला जमा, या दोन्ही नोंदी झाल्या तरच व्यवहार झाला. एकच झाली, तर काहीच झाले नाही असे यंत्रणेने मानायचे असते. जुडी पक्की झाल्याची मोहोर म्हणजे ‘कमिट’. ती उठण्याआधी वीज गेली किंवा शिल्लक अपुरी निघाली, तर सर्व काही पूर्वस्थितीला नेणे म्हणजे ‘रोलबॅक’. अखंडता, सुसंगती, परस्परांपासून अलिप्तता आणि टिकाऊपणा या चार गुणांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘ॲसिड’ हा शब्द थिओ हेर्डर आणि आंद्रेआस रॉयटर या जर्मन संशोधकांनी १९८३ मध्ये रूढ केला. त्यामागच्या विचाराची पायाभरणी बरीचशी अमेरिकेच्या जिम ग्रे यांची असून, १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना याच कामासाठी मिळाला.

पेढीवर वाढलेल्या माणसाला यातले सर्वांत ओळखीचे वाटेल ते ‘लॉग’. दिवाणजी आधी रोजकीर्द, म्हणजे व्यवहारांची रोजची क्रमवार वही, लिहितो आणि मग सवडीने खतावणी करतो, म्हणजे त्याच नोंदी खातेवार पानांवर मांडतो. खतावणीचे पान फाटले तरी रोजकीर्दीवरून ते पुन्हा उभे करता येते. डेटाबेस, म्हणजे नोंदी सांभाळणारी संगणकप्रणाली, हीसुद्धा नेमके हेच करते. बदल आधी क्रमवार लॉगमध्ये उतरतो, तो डिस्कवर पोचला की मगच कमिट, आणि मूळ तक्ते मागाहून बदलतात. सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला, की तो शेवटच्या ‘चेकपॉइंट’पासून, म्हणजे जिथवरची खतावणी पुरी झाली होती त्या खुणेपासून, लॉग वाचत येतो, पक्के झालेले व्यवहार पुन्हा चढवतो आणि अर्धवट राहिलेले उतरवतो.

‘लॉक’ समजायलाही फार सायास पडत नाहीत : एक कारकून खात्याचे पान उघडून लिहीत असेल, तर दुसऱ्याने थांबायचे. एकाने पहिले पान धरून दुसऱ्याची वाट पाहिली आणि दुसऱ्याने दुसरे पान धरून पहिल्याची, तर दोघेही जन्मभर बसून राहतील. हा ‘डेडलॉक’. माणसे अशा वेळी भांडतात किंवा समजुतीने घेतात. यंत्रणा दोहोंपैकी एका व्यवहाराचा बळी देऊन त्याचा रोलबॅक करते. त्या बळीला तांत्रिक भाषेतही ‘बळी’च म्हणतात.

[दृश्य: दोन बँकांच्या पाट्या, मध्ये रस्ता.]

आता आप्पांचा प्रश्न. दुकानाचे खाते एका बँकेत आणि आप्पांचे दुसऱ्या बँकेत असेल, तर दोन वेगळ्या खतावण्या असतात आणि दोघींवर एकच मोहोर उठवणारा कोणी नसतो. पहिल्या बँकेतली नावेची नोंद कमिट झाली. दुसरीचे जमेचे उत्तर आले नाही. पैसे वाटेत कुठेही पडलेले नसतात. एक नोंद झालेली असते आणि दुसरीबद्दल खात्री नसते. या अवस्थेला ‘पेंडिंग’ म्हणतात. कमिट झालेल्या नोंदीचा रोलबॅक होत नाही, म्हणून जमा झालीच नाही असे ठरल्यावर उलट नोंद घालावी लागते, ती ‘रिव्हर्सल’. ‘रिफंड’ आणखी वेगळा : तिथे मूळ व्यवहार पुरा झालेला असतो आणि विक्रेता स्वखुशीने किंवा तक्रारीवरून नवा व्यवहार करून पैसे परत देतो. रोलबॅक, रिव्हर्सल आणि रिफंड या तिन्हींना आपण ‘पैसे परत आले’ म्हणून मोकळे होतो, आणि निम्मे गैरसमज तिथेच जन्मतात, असे माझे मत आहे.

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआय किंवा आयएमपीएसने पाठवलेली रक्कम समोरच्या खात्यात जमा झाली नाही, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत रिव्हर्सल आपोआप व्हायला हवे. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. दरम्यान अधीर होऊन पुन्हा पैसे पाठवू नयेत, कारण तो नवा क्रमांक असलेला दुसराच व्यवहार ठरतो. यंत्रणा स्वतः एखादी विनंती पुन्हा पाठवते तेव्हा क्रमांक तोच ठेवते, म्हणून जमा दोनदा होत नाही.

[दृश्य: आयर्विन पूल, कृष्णेचे पात्र.]

टिकाऊपणाविषयी सांगलीकरांना वेगळे सांगायला नको. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यांत, हळद वर्षानुवर्षे सुरक्षित राहत असे. २००५ च्या महापुराने त्यांतली बरीच पेवे निकामी केली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कृष्णा ५७ फुटांपर्यंत चढली. ज्या गावात पाणी शिरते, त्याच गावात लॉगची एकुलती एक प्रत ठेवली, तर कमिटच्या मोहोरेला अर्थ उरत नाही. म्हणून बँका आपली प्रत दूरच्या शहरातल्या दुसऱ्या केंद्रातही सतत उतरवत असतात.

[दृश्य: पुन्हा पेढी. संध्याकाळ.]

दुसऱ्या दिवशी पेढीच्या खात्यात रक्कम परत येते. दिवाणजी कालची नावेची ओळ खोडत नाही; तिच्या खाली आजच्या तारखेने जमेची ओळ घालतो, बारा आकडी संदर्भ क्रमांक शेजारी लिहितो आणि आप्पांना फोन लावतो.