भीती दाटून येते तेव्हा प्रार्थना नेमकी कशी करायची?

सलाम आणि नमस्कार.

परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेर रिपोर्टची वाट बघत बसलेल्या माणसाला कुणीतरी सांगतं, "विश्वास ठेव, घाबरू नकोस." सांगणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं. पण ऐकणाऱ्याचा घोर दुप्पट होतो. आजाराची भीती होतीच, त्यात आता आपला विश्वास कमी पडतोय ही भीती. आधी ही गाठ सोडवूया.

"कशाचीही चिंता करू नका" हे वचन बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रात आहे, अध्याय 4, वचन 6. हे पत्र प्रेषित पौलाने फिलिप्पै गावच्या मंडळीला बंदिवासातून लिहिलं. आता त्याच पत्राचा दुसरा अध्याय काढा, 25 ते 28 वचनं. पौलाचा सोबती एपफ्रदीत मरता मरता वाचलाय. पौल लिहितो, देवाने दया केली, नाहीतर माझ्यावर दुःखावर दुःख कोसळलं असतं. त्याला तुमच्याकडे पाठवतोय, म्हणजे माझंही दुःख हलकं होईल. चिंता करू नका असं सांगणाऱ्यालाही घोर लागला होता आणि त्याने तो लपवला नाही. अटक होण्याआधी गेथशेमाने बागेत खुद्द प्रभू येशूने आपला जीव मरणप्राय कष्टी झालाय असं शिष्यांना सांगितलं आणि बापाकडे तेच मागणं तीनदा केलं. भीती वाटली म्हणून तुमचा विश्वास खोटा ठरत नाही.

मग त्या भीतीचं करायचं काय? आपण बहुतेक वेळा काय म्हणतो? "देवा, सगळं ठीक कर." आमेन म्हटल्यावर दोन मिनिटांत मन पुन्हा तिथेच. कारण भीती नेमकी असते आणि प्रार्थना मोघम. पौल म्हणतो, आपली मागणी देवाला कळवा. म्हणून मागणी लिहून काढा. साधी शंभर पानी वही चालेल.

(वहीचं पान कॅमेऱ्याजवळ धरून)

बघा, वर तारीख. खाली एका ओळीत भीती: "शुक्रवारी बायोप्सीचा रिपोर्ट येणार आहे. कॅन्सर निघाला तर घरभाडं कोण भरणार?" बघितलंत? आजारामागे घरभाडं दडलं होतं. लिहिल्याशिवाय ते सापडत नाही. त्याखाली मागणी, फक्त आजपुरती: "आज रात्री झोप दे. भावाला पैशांचं सांगायचं धैर्य दे." आणि शेवटी आभार, पण खराखुरा: "बहीण सोबत आली, त्याबद्दल." आजाराबद्दल जबरदस्तीने आभार मानू नका, ते ओठांवरच राहतात.

माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये 1948 पासून दर बुधवारी नोव्हेना, म्हणजे ठरलेली विशेष प्रार्थना, होते. तिथे लोक विनंत्या लिहून देतात आणि आभाराची पत्रंही. घरातली वही त्याच वाटेवरची.

एक मात्र स्पष्ट सांगायला हवं. फिलिप्पैच्या त्याच अध्यायातलं पुढचं वचन, म्हणजे 7वं, शांतीचं अभिवचन देतं. रिपोर्ट चांगलाच येईल असं ते म्हणत नाही. "रिपोर्ट नॉर्मल आला तर अमुक करीन" असा सौदा मांडलात, तर शांती त्या कागदाला बांधली जाते आणि शुक्रवारपर्यंत जीव टांगणीला लागतो. बरं होण्यासाठी मागा, जरूर मागा. फक्त अट घालू नका.

शब्दच सुचत नसतील तर बायबलमधलं स्तोत्र 13 घ्या. सहाच वचनं आहेत, दादरहून निघालेली स्लो लोकल माटुंगा रोडला पोचायच्या आत वाचून होतात. पहिली दोन वचनं तक्रारीची: देवा, कुठवर? पुढची दोन मागणीची. शेवटची दोन भरवशाची. आज पहिल्या दोनांवरच अडकलात तर तिथेच थांबा, उद्या पुढे जा. तक्रार गाळून थेट भरवशावर उडी मारली की मन आतून म्हणतं, हे खरं नाही.

गर्दीत छाती धडधडायला लागली तर श्वास घेताना मनात म्हणा, "प्रभू येशू ख्रिस्ता", आणि सोडताना, "माझ्यावर दया कर". श्वास सोडायला थोडा जास्त वेळ द्या. पाच मिनिटं.

रात्री दोन वाजता अंथरुणात तासभर प्रार्थना करू नका. ती हळूहळू देवाचं नाव घेऊन केलेली चिंताच होते. उठा, दिवा लावा, वहीत तीन ओळी लिहा, वही मिटा. बायबलच्या 1 राजे या पुस्तकात, अध्याय 19 मध्ये, एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला होता. देवदूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिलं, तेही दोनदा, आणि मधे झोपू दिलं. उपास पडत असेल, झोप नसेल, तर आधी जेवा.

वहीतली एक ओळ एका माणसाला वाचून दाखवा. पाळक, फादर, संगतीतली एखादी मावशी, कुणीही. पण ऐकलेलं पोटात ठेवणारं असावं.

दोन आठवडे झोप उडालेली असेल, कामावर जाववत नसेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही हवा. गोळी घेतल्याने विश्वास उणा होत नाही. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर हा व्हिडिओ इथेच थांबवा, आत्ता फोन लावा आणि घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवा.