टेकडीवरून उतरलेला शब्द

इंग्रजीतला ‘डाउन’ सगळ्यांच्या ओळखीचा. डाउन म्हणजे खाली. पण जुन्या इंग्रजीत ‘डून’ म्हणजे चक्क टेकडी! मग वर असलेल्या गोष्टीचा अर्थ ‘खाली’ कसा झाला? तेव्हा ‘ऑफ डूने’ असं म्हणत, म्हणजे ‘टेकडीवरून’. टेकडीवरून जो निघतो तो खालीच येतो. बोलता बोलता ‘ऑफ’ झिजला, त्याचा नुसता ‘अ’ उरला, पुढे तोही गळला. उरली फक्त टेकडी, आणि तिचाच अर्थ ‘खाली’ झाला. हे कुठल्या पंडिताने बसून ठरवलं नाही. रोज बोलणाऱ्यांच्या तोंडी ते घडलं, म्हणून मला ते इतकं मोलाचं वाटतं.

मूळ अर्थ मात्र मेला नाही. दक्षिण इंग्लंडमध्ये खडूच्या दगडाच्या, गवताने झाकलेल्या टेकड्या आहेत. त्यांना आजही ‘साउथ डाउन्स’ म्हणतात.

वाळूच्या टेकडीला इंग्रजीत ‘ड्यून’ म्हणतात. मग या टेकडीच्या शब्दात वाळू कुठून आली? याच कुळातला शब्द डच भाषेत समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांसाठी रुळला. डचांकडून तो फ्रेंचांनी उचलला आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘ड्यून’ होऊन इंग्रजीत आला. डाउन आणि ड्यून, एकाच घरातले दोघे, एकाच भाषेत आज अनोळख्यासारखे वावरतात. फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं डंकर्क म्हणजे ‘ड्यूनमधलं चर्च’. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, तीन लाखांहून अधिक सैनिकांना ज्या किनाऱ्यावरून सोडवून नेलं, तिथल्या वाळूच्या टेकड्या गावाच्या नावात आधीपासूनच होत्या.

पण अभ्यासकांना एक ड्यून पुरेना. वाळवंटात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांकडे नेमके शब्द होते, ते त्यांनी घेतले. चंद्रकोरीसारख्या टेकडीला मध्य आशियातल्या तुर्की भाषांमधला ‘बर्खान’. तिची दोन टोकं वारा जिकडे जातो तिकडे वळलेली असतात. लांबट, धारदार माथ्याच्या टेकडीला अरबी ‘सैफ’, म्हणजे तलवार. वाळूचा सागरच पसरला असेल तर ‘एर्ग’, तोही अरबीतूनच. बर्खान एका जागी थांबत नाही. वारा कण उडवत उतारावरून माथ्यापर्यंत चढवतो, पलीकडच्या कड्यावरून ते घसरतात, आणि अख्खी टेकडी इंचाइंचाने पुढे सरकते.

नदीच्या तळाशी पाणीही असेच ढीग रचतं, त्यांनाही ड्यूनच म्हणतात. आणि शनीचा चंद्र टायटन! तिथे आपल्यासारखी वाळू नाही. कार्बनयुक्त पदार्थांचे कण आहेत, गोठवणारी थंडी आहे. तरीही कॅसिनी यानाच्या रडारने विषुववृत्ताजवळ शेकडो किलोमीटर पसरलेल्या काळ्या समांतर रेषा दाखवल्या, तेव्हा शास्त्रज्ञांनी त्यांना ड्यूनच म्हटलं.