मेंढीकोट: चौघं जमले की

नमस्कार, श्रोतेहो.

मे महिन्यात आपल्या मराठवाड्यात दुपारी बारानंतर रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. मग लिंबाखाली सतरंजी पडते, कुणीतरी पत्त्यांचा कॅट काढतं. चौघं जमले की मेंढीकोट!

समोरासमोर बसलेले दोघं भिडू. ५२ पानं पिसायची आणि प्रत्येकाला १३ वाटायची: आधी पाच-पाच, मग दोनदा चार-चार. एक्का सगळ्यांत मोठा. त्याखाली राजा, राणी, गुलाम आणि मग दश्शी. सगळी ओढाताण या चार दश्श्यांसाठी. त्याच मेंढ्या. ज्या जोडीनं तीन ओढल्या, तिनं डाव जिंकला. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे सात किंवा जास्त हात झाले, ते जिंकले; चौघांनी एकेक पान टाकलं की एक हात. चारही मेंढ्या एकीकडे गेल्या की कोट चढला.

उतारी, म्हणजे हातातलं पहिलं पान, ज्या रंगाची, त्याच रंगाचं पान द्यायचं. डावात पहिल्यांदा ज्याच्याजवळ तो रंग नसेल, तो जे पान टाकेल त्या रंगाचा हुकूम, म्हणजे तो रंग बाकी सगळ्यांवर भारी. काही ठिकाणी बंद हुकूम खेळतात, पान आधीच पालथं ठेवून. पण मला आपला हा खेळता खेळता ठरणारा हुकूमच आवडतो, कारण डोकं इथंच लागतं. नवखा माणूस हातातली नकोशी दुर्री फेकून मोकळा होतो आणि ज्या रंगाची आपल्याजवळ जेमतेम दोन पानं, त्याचाच हुकूम करून बसतो. थोडं थांबा. चार-पाच पानं ज्या रंगाची आहेत, त्यातलं टाका.

आता मेंढी कधी द्यायची? हे मला आजीनं शिकवलं. मी दहा वर्षांचा, तिचा भिडू. माझ्याजवळ बदामाची दश्शी. आजीनं पहिल्याच हाताला बदामाचा एक्का उतरला. मी छक्की दिली, दश्शी जपून ठेवली. तिसऱ्यांदा बदाम आला तेव्हा माझ्याजवळ तेवढीच उरली होती. हुकूम इस्पिकचा. मामांनी तिर्रीनं कापली आणि मेंढी घेऊन गेले.

आजी रागावली नाही. डाव संपल्यावर तिनं बदामाची तेराही पानं सतरंजीवर मांडली. "पयल्या फेरीत चार गेले, दुसऱ्या फेरीत आणिक चार. राह्यले पाच. आता चौघायजवळ बी बदाम असतीन का? मंग म्या एक्का कशाला उतरला व्हता रे बाळा?"

भिडूचा एक्का म्हणजे मेंढीला बोलावणं असतं, श्रोतेहो. पहिल्या फेरीत बहुतेक सगळ्यांजवळ तो रंग असतो, कापायची भीती कमी. तेव्हाच दश्शी देऊन टाकायची.

सुट्टीला नातवंडं आली असतील तर पहिला डाव पानं उघडी ठेवून खेळा. कोण काय टाकतंय, का टाकतंय, ते त्यांना दिसू द्या. दुसऱ्या डावाला पानं हातात, आणि भिडूशी बोलणं बंद.